रत्नागिरीतला परका राजा

कोल्हापूरकराला समुद्राची हुक्की आली की पहाटेची एसटी धरायची, आंबा घाट उतरायचा आणि दुपारच्या आत रत्नागिरी गाठायची. टिळकांचं जन्मघर, १९३१ चं पतितपावन मंदिर, मग भाट्याची वाळू आणि मासे. दिवस छान जातो. पण तासभर थिबा राजवाड्यासाठी राखून ठेवा.

१८८५ साली इंग्रजांनी उरलेला ब्रह्मदेश जिंकला आणि राजा थिबाला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. पुढच्याच वर्षी तो रत्नागिरीत आला. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहाला इंग्रजांनी ब्रह्मदेशात रंगूनला धाडलं होतं. म्हणजे इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे! जिथे आपलं कुणीच नाही, अशा गावात राजा बंड तरी कुणाच्या जोरावर करणार? हिशेब पक्का होता.

थिबाचा हा वाडा १९१० च्या सुमारास उभा राहिला, तोवर पाव शतक उलटलं होतं. लाल भिंती, अर्धगोल खिडक्या, लाकडावरचं नाजूक काम. आणि समोर खाडी नि समुद्र. मायदेशाचा किनारा मात्र द्वीपकल्पाच्या पार दुसऱ्या अंगाला. कैद अशी देखणीही असू शकते.

१९१६ मध्ये थिबा गेला. राणी सुपायालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीचीच झाली, इथेच वारली.

वाडा सगळेच बघतात. तुम्ही गेलात तर थिबाच्या समाधीवरही जाऊन या. ती याच गावात आहे.