घेण्याचं माप, देण्याचं माप

निवडणुकीचं वर्ष आलं की आपल्याकडच्या पॉटलकमध्ये जेवणानंतर दोन कोंडाळी जमतात. एकात इथल्या राजकारणाची चर्चा चालते. कर, शाळा, एच-वन, ग्रीन कार्डाची न संपणारी रांग. दुसऱ्यात तिथल्या राजकारणाची. मुंबईत काय होणार, दिल्लीत कोण येणार, कोणाला धडा शिकवायला हवा. पुष्कळदा एकच माणूस दोन्हीकडे फिरत असतो, आणि गंमत अशी की या कोंडाळ्यातून त्या कोंडाळ्यात जाईपर्यंत त्याची मतं पालटलेली असतात. इथे तो म्हणतो, "अल्पसंख्याकांना संरक्षण हवंच. नावावरून, रंगावरून माणूस जोखायचा नाही." तिथे तोच म्हणतो, "बहुसंख्याकांच्या मनाप्रमाणेच देश चालला पाहिजे. पटत नसेल त्यांनी जावं."

याला ढोंग म्हणून मोकळं होता येईल. मला ते तितकं सोपं वाटत नाही. इथे आपण मूठभर, तिथे भरपूर. ज्याच्या पायात काटा रुततो त्याला काट्याबद्दल बोलावंसं वाटतं, एवढंच ते असेल. पण उभं राहण्याची जागा बदलली की न्यायाची व्याख्याही बदलावी का? माल घेताना मोठं माप आणि देताना छोटं माप वापरणाऱ्या दुकानदाराला आपण लबाड म्हणतो. मतांच्या बाबतीत तेच चालवून घ्यायचं का? हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी याच देशात तो आपल्या माणसांपुढे उभा राहिला होता.

१७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत होतं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, ते आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही खुलं झालं. आशियाई मात्र दाराबाहेरच राहिले. भगतसिंग थिंद हे पंजाबातले शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांना मिळालेल्या नागरिकत्वाला सरकारने आव्हान दिलं आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत लॉस एंजेलिसचे एक भारतीय वकील होते, सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच ओळखीचं वाटावं असं.

थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? कायद्यातली वर्णाची अट अन्यायाची आहे, असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं ते असं, की थिंद उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरेच. भर म्हणून हेही सांगितलं गेलं, की लग्नसंबंधाच्या बाबतीत भारतातला उच्चवर्णीय तिथल्या आदिवासींकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्यांकडे पाहतो. थोडक्यात, कुंपण मोडा अशी मागणी नव्हती. आम्हाला तेवढं कुंपणाच्या आत घ्या, बाकीच्यांना बाहेर ठेवायला आमची हरकत नाही, अशी होती.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने नकार दिला. वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा त्या निकालाचा आशय. तो लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते! यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. खुद्द पंडितांवर खटला झाला. ते १९१४ पासून नागरिक होते. त्यांनी तो जिद्दीने लढवला. या नागरिकत्वावर विसंबून मी इथे वकिली केली, संसार उभा केला, आता ते हिरावणं न्याय्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते जिंकले, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाही नकार दिला.

त्या काळात वकिलाने कायद्याच्या चौकटीतच लढायचं असतं, हे मान्य. आज घरबसल्या त्यांना दोष देणं शोभणार नाही. पण त्या युक्तिवादातून घेण्यासारखा धडा उघड आहे. जो दुसऱ्यावरचा अन्याय मान्य करून स्वतःपुरती सवलत मागतो, त्याची सवलत कुंपणवाल्याच्या मर्जीवर राहते.

त्याच्या पन्नास वर्षं आधी पुण्यात एका माणसाने अमेरिकेकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. जोतीराव फुले कधी अमेरिकेला आले नाहीत. तरी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. तिकडे माणसाला गुलाम करणं वाईट असेल तर इकडेही ते वाईटच, हे एकच माप त्यांनी दोन्ही देशांना लावलं. पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकून गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये इथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे जाणार असल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि आपल्या लोकांसाठीही त्यांना तोच मार्ग दिसत होता. महाराष्ट्राचा अमेरिकेशी संबंध आपल्या विमानांच्या तिकिटांपासून सुरू होत नाही, तो असा इथवर मागे जातो.

आता आपल्याकडे येऊ. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, पण येण्याचा कोटा वर्षाला साधारण शंभर जणांचा. खरा दरवाजा उघडला तो १९६५ मध्ये. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सही झालेला इमिग्रेशन कायदा ही एकाच लाटेची अपत्यं. ती लाट उठवण्यासाठी अलाबामा-मिसिसिपीत ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांना मराठी माणूस माहीतही नव्हता. आपली मुलं इथे जन्मल्याबरोबर नागरिक होतात ती १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे. ती झाली मुक्त झालेल्या गुलामांसाठी, आणि तिचा अर्थ पक्का झाला तो १८९८ मध्ये वाँग किम आर्क नावाच्या एका चिनी स्वयंपाक्याच्या खटल्यात. जानेवारी २०२५ मध्ये या हक्काला कात्री लावणारा आदेश निघाला, तेव्हा त्याच्या कक्षेत एच-वनवर असलेल्या आईवडिलांची बाळंही आली. अनेक घरांत झोप उडाली. कोर्टांनी तो आदेश अडवला तेव्हा आधार कोणाचा होता? त्या स्वयंपाक्याचा!

"पण आम्ही रांगेत उभे राहून, कायद्याने आलो," असं आपण अभिमानाने म्हणतो. खरं आहे, आणि ती रांग किती छळते हेही खरं. फक्त एवढं लक्षात असावं, की १९६५ पूर्वी आपल्यासाठी रांगच जवळपास नव्हती. ती दुसऱ्या कोणीतरी लावून दिली.

हेच माप घेऊन मुंबईकडे पाहू. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा मराठी तरुणांची तक्रार होती, आमच्याच शहरात आम्हाला नोकऱ्या नाहीत. तीत तथ्य नव्हतं असं नाही. ज्याची नोकरी एच-वनवाल्याकडे गेली, त्या इथल्या प्रोग्रामरच्या तक्रारीतही तथ्य असतं. प्रश्न पुढचा आहे. राग कोणावर काढायचा? पोटासाठी आलेल्यावर, की पगार आणि नियम ठरवणाऱ्यावर? ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ गावी "माझ्या देशातून चालता हो" असं ओरडत एकाने श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला गोळ्या घातल्या. दोन्ही घटना सारख्या नाहीत. एक मारहाण, दुसरा खून. पण वाक्य एकच आहे. कॅन्ससमध्ये ते ऐकून ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याला मुंबईत ते ऐकून टाळी कशी वाजवता येईल?

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, भारताचा इतिहास वेगळा, तुलना करू नये. तपशील वेगळे असतीलच, म्हणून एक साधी कसोटी लावावी. तिथल्या कोणत्याही गटाबद्दल मी जे बोलतो, तेच शब्द ओहायोतला माझा शेजारी माझ्याबद्दल बोलला तर मला चालतील का? दुसरा आक्षेप, पुरोगाम्यांनी फार शहाणपण शिकवू नये. हा मला मान्य आहे, कारण आमच्या गोटातही दोन मापं आहेत. गरिबांच्या घरांसाठी कळवळा असणारी मंडळी आपल्या सबडिव्हिजनशेजारी अपार्टमेंट्स येणार म्हटल्यावर सिटी कौन्सिलच्या सभेत विरोध करायला हजर! वर्णभेदावर पोटतिडकीने बोलणारे, जातीचा विषय निघाला की "इथे कुठे जात?" म्हणून ताट उचलतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदाला मनाई करणारा ठराव केला तेव्हा हे पुष्कळ ऐकायला मिळालं.

मग आपल्या हिताचं मत द्यायचंच नाही का? जरूर द्यावं. खिशाचा विचार करणं पाप नाही. पण मत खिशापाशीच थांबलं तर काय होतं, याचं उत्तर मिशिगनमध्ये आहे. बेळगावात वाढलेले, १९७९ मध्ये इथे आलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपल्या मंडळांत पेढे वाटावेत असा आनंद झाला. त्यांच्या मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग होता. अनेक दशकांत प्रथमच त्या शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची तिथल्या अनेकांना खंत वाटली आणि ती रास्त होती. तरीही नोव्हेंबरमध्ये त्याच वस्त्यांनी त्यांना मतं दिली. त्यांनी जर फक्त 'आपला माणूस' पाहिला असता, तर आपला माणूस निवडून आला नसता.

मंडळासारख्या करमुक्त संस्थेला कायद्याने कोणा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि मलाही इथे तो करायचा नाही. मतपत्रिका घरपोच येवो की शाळेच्या जिममध्ये रांग लावावी लागो, ती हाती आल्यावर प्रत्येक नावापुढे आणि प्रत्येक प्रस्तावापुढे क्षणभर थांबावं. यातून मला काय मिळेल, हे जरूर विचारावं. मग हेही विचारावं, की जो आज तिथे उभा आहे जिथे आपण १९२३ मध्ये होतो, त्याला यातून काय मिळेल. भारतातल्या निवडणुकीत आपल्यातल्या बहुतेकांना मत नाही, ओसीआय कार्डावर ते मिळत नाही. पण फोनवरून भावाबहिणींशी बोलताना, पैसे पाठवताना, मजकूर पुढे ढकलताना तिथेही आपण काही ना काही वजन टाकतोच. ते टाकताना माप इथलंच असावं.