प्यायलेल्या पाण्याला जागणं

रविवारी मित्रांसोबत पानशेतला जावं, गरम भजी खावीत, पाण्याचे फोटो काढावेत आणि संध्याकाळी परत यावं. यात बरं-वाईट ठरवण्यासारखं काही असतं का? बहुतेक जण म्हणतील, फिरायला जातेयस तर फिर, डोकं कशाला खातेस! पण पुण्यात राहायला लागल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

मी मूळची सोलापूरची. सध्या शनिवार पेठेत भाड्याने राहते. गावाकडून कुणी आलं की पुणं दाखवायचं काम माझ्याकडे. यादी ठरलेली असते. पहिला दिवस शनिवारवाडा, ओंकारेश्वर, अप्पा बळवंत चौक. दुसऱ्या दिवशी ‘जरा बाहेर’. पावसाळ्यात पानशेत, हिवाळ्यात भिगवणचे फ्लेमिंगो.

ही ठिकाणं नकाशावर जोडून पाहिली की एक नदी तयार होते. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून आपल्या नळाला. आपण वापरलेलं पाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच, मुठेत जातं. मुठा शनिवार पेठेला लागून वाहते, पुढे मुळेला मिळते, मग दोघी भीमेला. भीमेवर उजनी धरण आहे आणि भिगवण त्याच्याच फुगवट्यावर. म्हणजे पुणेकर सुट्टीत जिथे फिरायला जातात, तो त्यांच्याच पाण्याचा येण्या-जाण्याचा रस्ता आहे.

उजनीचं पाणी सोलापूर पितं. माझी आई पिते. तिच्या नळाला रोज पाणी येत नाही. आलं की आधी पिंपं भरायची, मग बाकीची कामं. मी नदीच्या वरच्या अंगाला राहायला आले, एवढाच काय तो फरक.

शहराने बाहेरून पाणी आणणं नवं नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणलं. शहर वाढलं तशी धरणं मोठी झाली आणि त्यांच्याखाली गावं, शेतं, देवळं गेली. उजनीत बुडालेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, आणि आपण ते बघायलाही जातो.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. प्यायलेल्या पाण्याला जागायचं का?

पहिलं उत्तर तयार असतं: ‘धरणं माझ्या जन्माआधीची. माझा काय दोष?’ खरंच, काही दोष नाही. पण दोष आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांचं घर वारशाने मिळालं तर त्यावरचं कर्जही आपल्याकडे येतं. ते कर्ज आपण काढलेलं नसतं, पण घरात आपण राहत असतो.

दुसरं उत्तर: ‘आम्ही पाणीपट्टी भरतो.’ तो पाणी आपल्यापर्यंत आणण्याचा खर्च झाला. ज्याचं शेत पाण्याखाली गेलं आणि ज्याच्या दारात आपलं सांडपाणी पोचतं, त्या दोघांचा हिशेब त्या बिलात नसतो.

तिसरं उत्तर मला जास्त अडवतं. शहरानेही सोसलंय. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. शनिवार पेठेतली जुनी माणसं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. हे दुःख खरं आहे. पण आपण सोसलं म्हणून दुसऱ्याचं देणं फिटत नाही. उलट, घरात पाणी शिरणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याला गाव बुडणं जरा लवकर कळायला हवं.

मग फिरायला जाऊच नये का? तसं मला वाटत नाही. धरणाकाठी पिठलं-भाकरी विकणाऱ्या मावशींना आपल्या अपराधी भावनेचा काही उपयोग नाही, गिऱ्हाईक हवं असतं. घरी बसून हळहळणं हीसुद्धा चैनच आहे.

मला एवढंच वाटतं की आपण तिथे जाताना स्वतःला निव्वळ पाहुणे समजतो, ते खरं नाही. पाहुणा दोन दिवस राहतो आणि जातो. आपण मात्र रोज सकाळी नळ उघडला की त्या गावांच्या घरी जेवायला बसलेलो असतो. असा माणूस भाकरीच्या वीस रुपयांवरून घासाघीस करत नाही. बाटल्या तिथे टाकून येत नाही. पाण्याखाली कुठलं गाव आहे, ते विचारतो. आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा विषय निघाला की तो दुसऱ्या कुणाचा म्हणून सोडून देत नाही. मतं मागायला कुणी दारात आलं, की आधी तोच प्रश्न विचारतो.

याने देणं फिटेल असं नाही. पण निदान आपण देणेकरी आहोत, हे तरी लक्षात राहील.