डब्यातून काय जाते?

शेजारून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही जुन्या नाशिकमधली रीत हिंदूंची की मुसलमानांची, हे कुणी सांगू शकणार नाही. घरात काही नसले तर चमचाभर साखर घालतात. चौक मंडई, दूध बाजार, भद्रकाली या भागांत दिवाळीला फराळाचे ताट येते, ईदला शीरखुर्म्याचा डबा जातो. या देवाणघेवाणीचे आम्ही भाषणांतून इतके कौतुक केले, की तिच्यातला अवघड प्रश्न बाजूलाच राहिला.

भांडे रिकामे जाऊ नये, ही माया की हिशेब? लग्नातला आहेर वहीत नाव-रकमेसह लिहून ठेवण्यात आम्हीही मागे नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 साली दाखवून दिले, की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच असतात. कुरआनातील 'अद्-दहर' सूरा मात्र अशांची थोरवी सांगते, जे गरीब, अनाथ आणि कैद्यांना जेवू घालतात आणि मोबदला काय, आभारही इच्छीत नाहीत. गीतेच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक दानही परतफेडीची आशा नसलेलेच. पण शेजारी काही याचक नव्हे. त्याला आपण खैरात देत नाही, हदिया देतो. प्रेषित मुहम्मद (स.) हदिया स्वीकारीत आणि त्याची परतफेडही करीत, असे हदीसमध्ये आहे. परत देण्यात वाईट काही नाही. फक्त, परत आलेल्या डब्याचे झाकण उघडून मोजदाद करू नये.

आमच्या डब्यातून मात्र शीरखुर्म्याबरोबर आणखी एक मागणी जाते: आता तुम्ही आम्हाला आपले म्हणा. 1992-93 नंतर किती घरांतून हा सवाल ऐकू आला, इतकी वर्षे डबे पाठवले, त्याचे हेच फळ? त्यातले दुःख खरे आहे, पण हिशेब चुकीचा आहे. सुरक्षितपणे जगणे हा नागरिकाचा हक्क आहे, तो काही शेवयांच्या बदल्यात मिळवायचा नसतो. तो पोलीस ठाण्यात मागावा, न्यायालयात मागावा. शेजारणीच्या स्वयंपाकघरात मागू नये. तिने तो विकलेलाही नाही.

मग डबा खाल्ला जाईल, ही अपेक्षाही सोडावी लागते. कुणाचा चातुर्मास असतो, कुणी जैन सूर्यास्तानंतर जेवत नाही, कुणाला मटण शिजलेल्या भांड्याची शंका येते. काही घरांतून म्हणूनच कोरड्या शेवया, खारीक, चारोळी आणि साखर पाठवतात. शेजारीण आपल्या पातेल्यात शिजवते. काहींना यात अपमान वाटतो. आम्हाला वाटत नाही. द्यायचे तिला आहे, तर तिच्या रीतीने द्यावे.

आणि आमचे तरी काय? गणपतीचा प्रसाद घ्यावा की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. कुणी घेतो, कुणी नम्रपणे नको म्हणतो. नको म्हणणाऱ्याच्या दारीही दिवाळीत फराळाचे ताट येतेच.