तो ‘सबब’ खोडून आण

बस. चहा नंतर. आधी तुझ्या टिपणीतलं सातवं पान मोठ्यानं वाच. ‘इतके बंधारे, इतकी शेततळी, निधी शंभर टक्के खर्च, सबब योजना यशस्वी.’ हे ‘सबब’ कुठून आलं रे? माझ्या वर्गात असं उत्तर लिहिलं असतंस तर वही खिडकीबाहेर गेली असती.

खड्डे मोजलेस. पाणी कोण मोजणार, मी?

जलयुक्त शिवार योजना विसरलास? 2019 पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र करायचा होता. 2020 मध्ये कॅगनं सांगितलं, साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चूनही भूजलपातळीवर फारसा परिणाम नाही. कॅगनं निवडक गावंच तपासली, म्हणतोस? बरोबर. मग उरलेली तू का नाही तपासलीस? आणि पाऊस बरा झाला की विहिरी भरतातच, त्याचं श्रेय नाला खोलीकरणाच्या खात्यावर कशाला टाकतोस? काम झालेल्या गावाशेजारी तशाच जमिनीचं, तेवढ्याच पावसाचं, काम न झालेलं गाव ठेवून बघ. कामाआधीची पातळी कुठाय? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. पुण्यातच कचेरी आहे त्यांची. मागितल्यास नोंदी?

आणि हे नव्या कालव्याचं लाभव्यय गुणोत्तर, 1.52! अट दीडची, आणि उत्तर नेमकं 1.52. गणितात इतका हुशार तू कधीच नव्हतास. पीकरचना पाहिली मी. कागदावर ज्वारी, हरभरा, भुईमूग. पाणी सुटलं की वरच्या अंगाला ऊस उभा राहतो आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून तुम्हाला शिव्या घालतो. त्याचा लाभ मात्र तू धरलायस, पूर्ण. शिवाय तीन-तीन सुधारित प्रशासकीय मान्यता होतात, खर्च कुठल्या कुठे जातो. गुणोत्तर कुणी परत मांडतं का?

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा असा हिशेब मांडला, 1948 साली गोखले संस्थेनं छापला. नुसती पाणीपट्टी मोजून थांबले नाहीत. कालव्यामुळे थेट आणि आडून कुणाला काय मिळालं ते शोधलं. संगणक नव्हता. तुझ्याकडे आहे, पण त्यावर तू मागच्या वर्षीच्या टिपणीची तारीख बदलतोस.

‘साहेबांना आवडणार नाही’ हे माझ्यापुढे बोलायचं नाही. पाणी येणार नाही हे दिसूनही त्यांना बंधारा बांधायचा असेल, तर बांधू देत. निवडून ते आलेत, लोकांना जाबही तेच देतील. पण त्यांच्यापुढे अर्धाच हिशेब ठेवायचा अधिकार तुला कुणी दिला?

सोमवारी ये. काम झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या गावांची यादी घेऊन ये. आणि तो ‘सबब’ खोडून आण. आता घे चहा, गार झाला असेल तर तसाच.