आजार की वय?

डॉक्टरबाईंनी मला हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. ताईला ते पटलं नाही. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली ती. अर्धवट माहितीवर बोलणारी नव्हे.

"पाळी जाणं हा काय आजार आहे? आईची गेली, आजीची गेली. कुणी गोळ्या घेतल्या?"

"आजी न्हाणीत घसरली, खुबा मोडला, पुन्हा उठली नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवरून धरतं. पाळी गेल्यावर ते उतरलं की पहिल्या काही वर्षांतच हाडं झपाट्याने विरळ होतात. आजी पडली सत्तरीत, पण झीज पन्नाशीतली."

"वयावर औषध शोधायला निघालं की माणूस थांबत नाही. १८८९ साली ब्राउन-सेकारने कुत्र्यांच्या नि गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला. बहात्तर वर्षांचा शास्त्रज्ञ! म्हणे, जोम परत आला. आणि २००२ साली अमेरिकेतला हार्मोनच्या गोळ्यांचा तो मोठा अभ्यास का थांबवावा लागला? स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या."

"त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ताई. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ जास्त, खुबा मोडलेल्या ५ कमी. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं तर धोका कमी, असं आता सांगतात."

"त्या आठांत तू असलीस तर?"

यावर मी गप्प झाले. हा प्रश्न कुठल्याच आकड्याने सुटत नाही.

"तू रोज उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतेस," मी म्हटलं. "तेही हार्मोनच."

"माझी ग्रंथी बिघडली. तुझं काही बिघडलेलं नाही, काम संपलंय. जे प्रत्येकीचं होतं त्याला आजार म्हटलंस, तर समस्त बायकांनी पन्नाशीनंतर पेशंट म्हणूनच जगायचं का?"

तिचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

"पण सगळ्यांचं होतं म्हणून सोसायचं? मोतीबिंदू तू सोसलास? रात्री दोनला छातीतून आग उसळते, कानाच्या पाळ्यांपर्यंत चढते. गाऊन चिंब. पंखा पाचावर करावा तर लगेच हुडहुडी. मेंदूत तापमान सांभाळणारा भाग इस्ट्रोजेनविना जराशा उष्म्यानेही बिथरतो. सकाळी ऑफिसात डोळे मिटतात. मला तारुण्य नकोय, झोप हवीय."

ताई थोडी निवळली. "बीडच्या ऊसतोड बायकांना कुठली झोप? पाळीपायी खाडा पडू नये म्हणून कितीजणींनी तिशीतच पिशवी काढली."

"काहींचे बीजकोशही गेले. ते काढले की इस्ट्रोजेन एकदम कोसळतं. अशांना निदान नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावीत, असं तज्ज्ञ म्हणतात. त्यांच्यापर्यंत ही गोळी पोचतच नाही, आणि आपण दोघी ती घ्यावी की नाही यावर वाद घालतोय."

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मावशीच्या कर्करोगाचं सांगितलंस डॉक्टरबाईंना?"

"सांगितलंय. म्हणूनच सोमवारी मॅमोग्राफी. त्या नको म्हणाल्या तर हार्मोन नसलेली औषधंही आहेत."

"मी येते सोबत."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच. पण माझी पाळी जाऊन पंधराएक वर्षं झाली. माझ्या हाडांचं काय करायचं, तेही विचारायचंय."