पाठीचे ऋण

दिवाळी आपल्याकडे येते ती गाईच्या पावलांनी. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा झाली, म्हणजे मग पणत्या, उटणे आणि फराळ. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर त्याच सुमारास वाघबारस असते. गाईने दूध द्यावे म्हणून तिची पूजा, आणि वाघाने काही नेऊ नये म्हणून त्याची! बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे. घोड्याच्या वाट्याला मात्र दसऱ्याची एक झेंडूची माळ येते, आणि दुसऱ्या दिवशी ती सुकली की आपण त्याला वर्षभर विसरून जातो.

गेल्या हिवाळ्यात बोर्डीच्या किनाऱ्यावर एका घोड्याने मला ही विस्मृती जाणवून दिली. त्याच्याविषयी, आणि त्याच्या निमित्ताने स्वतःविषयी, थोडे लिहावे असे वाटते.

बोर्डी डहाणूहून पंधरा-सोळा किलोमीटरांवर. एका हाताला घोलवडच्या चिकूच्या वाड्या, दुसऱ्या हाताला सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. ओहोटीला येथे पाणी इतके मागे सरते की किनारा संपतच नाही असे वाटावे. त्या ओल्या, घट्ट वाळूवर हौशी पाहुण्यांना फेरी मारून आणणारे घोडेवाले उभे असतात. त्या संध्याकाळी एक कुटुंब तेथे आले. आठ-नऊ वर्षांचा मुलगा वडिलांच्या कडेवर होता. त्याचे पाय ताठ होते, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. मेंदूला जन्मतःच इजा झालेल्या मुलांचे असतात तसे. वडील घोडेवाल्याशी बराच वेळ बोलले. मुंबईला डॉक्टरांच्या सल्ल्याने या मुलाला काही महिने घोडेस्वारीचा उपचार दिला जात होता, घोड्याची त्याला सवय होती आणि सुट्टीतही त्याला तोच हट्ट होता. डोक्यावरची टोपी त्यांनी बरोबर आणली होती. घोडेवाल्याने आपल्या घोड्यांपैकी सर्वांत म्हातारा निवडला, लगाम स्वतःच्या हाती घेतला. आई एका बाजूस आणि वडील दुसऱ्या बाजूस, अशी ती मिरवणूक संथपणे निघाली.

प्रारंभी मुलगा पोत्यासारखा पुढे कलला होता. वीस-पंचवीस पावले गेली असतील, घोडा थांबला. मुलाच्या आईने विचारले, "काय झालं?" घोडेवाला म्हणाला, "काही नाही, बाई. पोरगा एका अंगाला वाकला की हा थांबतो. त्याला सरळ होऊ द्या. आपण हात लावू नका." आईचा हात पुढे गेला होता, तो तिने मोठ्या कष्टाने मागे घेतला. मुलाने ओठ घट्ट मिटले, मान उचलली, आणि कमरेतून स्वतःला हळूहळू मधोमध आणले. घोडा चालू लागला.

या साध्या चालीत उपचार आहे, हे आता वैद्यक मानते. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ वरच्या माणसाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित फिरती अशी हलवते. आपण स्वतःच्या पायांनी चालताना कमरेची जी हालचाल होते तिच्याशी तिचे विलक्षण साम्य आहे. ज्या मुलाने जन्मात पाऊल टाकले नाही, त्याच्या शरीराला चालणे म्हणजे काय असते याचा अनुभव असा उसन्या पायांनी मिळतो. मिनिटाला शंभराच्या आसपास पावले, आणि प्रत्येक पावलागणिक तोल सावरण्याचा एक नवा धडा. घोड्याचे अंग माणसाहून किंचित अधिक उबदार. त्या उबेत ताठ स्नायू थोडे सैलावतात. यासाठी शांत स्वभावाचा, मुद्दाम शिकवलेला घोडा हवा, जाणकार माणूस हवा, आणि दोन्ही बाजूंनी चालणारे मदतनीस हवेत. किनाऱ्यावरची फेरी म्हणजे उपचार नव्हे, आणि उपचार म्हणजे चमत्कारही नव्हे. तो मुलगा उद्या धावू लागणार नाही. पण पाठ ताठ ठेवून बसता येणे ही काय थोडी गोष्ट आहे?

डेन्मार्कमध्ये लिझ हार्टेल नावाची एक घोडेस्वार होती. १९४४ साली, ती गरोदर असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. तिला घोड्यावर चढवावे लागे, उतरवावे लागे. परंतु एकदा वर बसली की ती कुणाची आश्रित नसे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या ज्या स्पर्धेत स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला होता, तिच्यात पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वीडिश स्वाराने तिला हात देऊन व्यासपीठावर चढवले. पुढे १९५६ सालीही तिला तेच पदक मिळाले. अपंगांसाठी घोडेस्वारी ही कल्पना युरोपात रुजली तिच्यामागे या बाईचे उदाहरण फार मोठे आहे. तिच्या घोडीचे नाव जुबिली. आपल्या पाठीवरच्या बाईचे पाय लुळे आहेत हे जुबिलीला ठाऊक होते काय? मला वाटते, ही बाई निराळ्या तऱ्हेने इशारा देते एवढेच तिला ठाऊक होते. आणि तेवढे तिला पुरेसे होते.

येथे मला माझा धाकटा भाऊ आठवतो.

तो दोन वर्षांचा असताना, १९६३ साली, त्याला पोलिओ झाला. लस जगात निघाली होती, पण ती आमच्या घरापर्यंत आलेली नव्हती. भारत पोलिओमुक्त झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले, तेव्हा तो हयात नव्हता. आमचे घर वाईट नव्हते. उलट त्याच्यावर सर्वांचा फार जीव होता. पाण्याचा पेला त्याला हातात मिळे, ताट जागेवर मिळे, करंजीतली सर्वांत मोठी करंजी त्याची असे. दाराजवळच्या खुर्चीत बसून तो सारा दिवस आमची धावपळ पाही. एका दिवाळीत, तो दहा-अकरा वर्षांचा असेल, मला म्हणाला, "ताई, कंदील मी चढवतो." आकाशकंदील वर चढवायचा म्हणजे कप्पीवरची दोरी ओढायची. ते बसूनही करता आले असते. मी म्हटले, "तू बस रे. आम्ही चढवतो ना तुझ्यासाठी." कंदील वर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या.

त्या टाळ्यांचा आवाज बोर्डीच्या वाळूवर पन्नासांहून अधिक वर्षांनी मला पुन्हा ऐकू आला. आम्ही त्याला सर्व काही दिले. फक्त त्याच्याकडून कधी काही मागितले नाही. आणि ज्याच्याकडून कुणी काहीच मागत नाही, त्याला घरात जागा असते पण स्थान नसते. घोड्याने त्या मुलाकडून एक गोष्ट मागितली: सरळ बस. ती मिळेपर्यंत तो थांबला. तो रागावला नाही, हळहळलाही नाही. दया आणि आदर यांत फरक कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी म्हणेन की दया हात पुढे करते, आणि आदर क्षणभर थांबतो.

हे थांबणे माणसांनाही जमते, आणि त्याचे उदाहरण त्याच परिसरात आहे. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखायची असत. दयाळू माणूस म्हणाला असता, बिचारी पोरे, यांची गुरे सोडवा. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत, मुले शिकत. कुरणशाळा असे तिचे नाव. मुलाच्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली नाही. गुरे राखणारा मुलगा घराला हवा असलेला मुलगा आहे, ही त्याची प्रतिष्ठा त्यांनी ओळखली आणि तिच्यावर अक्षरांची भर घातली.

इथपर्यंत सारे गोड आहे. परंतु घोड्याचे काय? त्याला कुणी विचारले?

हा प्रश्न टाळता येणार नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, त्या घोड्यांच्या हालांमुळेच. मग चैनीसाठी घोडा जुंपणे वाईट आणि औषधासाठी जुंपणे चांगले, एवढ्यावर आपले समाधान होईल काय? या भागातील औषधाचे दुसरे उदाहरण याहून कठीण आहे. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत डहाणू-तलासरीच्या भातखाचरांत सर्पदंश होतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांच्या विषावर जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला विषाची अगदी लहान मात्रा देत देत वाढवतात. त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. ते रक्त काढून त्यातून औषध करतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी महाराष्ट्राला परिचित आहे. वारल्यांच्या लग्नचौकात पालघट देवीजवळ पंचशिऱ्या देव घोड्यावर बसलेला काढतात. ज्या बाईने भिंतीवरचा तो घोडाच तेवढा जवळून पाहिला, तिच्या धमन्यांतून एखाद्या आषाढात खऱ्या घोड्याचे देणे वाहते आणि ती घरी परतते. हे देणे बंद करा असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. ज्याच्या घरात सापाने कुणाला डसले आहे, त्याच्यातही नसेल.

जनावराशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यामुळे माणसाचे मन माणसांविषयीही निष्ठुर होते, असे कांट या जर्मन तत्त्वज्ञाचे मत होते. ते खरे असेल, पण त्यात घोडा केवळ आपल्या मनाचा आरसा होतो. घोड्याची बाजू त्यात येत नाही. मला वाटते, संमती विचारता येत नाही तेथे एक कर्तव्य उरतेच: नकार ओळखण्याचे. घोडा नकार देतो. कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, ओठ आवळतो, पाऊल घ्यायला कुरकुरतो. ज्याला हे वाचता येते, आणि वाचल्यावर जो खोगीर उतरवतो, त्यालाच त्या पाठीवर मूल बसवण्याचा अधिकार. आणि पाठ थकल्यावर त्या जनावराला कुरण आणि सावली मिळेल याची तजवीज ज्याने केली नाही, त्याने त्याची सेवा घेतली असे म्हणू नये. लुबाडली असे म्हणावे. ऋण माळेने फिटत नसते.

आता लक्षात येते की भावाच्या बाबतीत आमची चूक नेमकी हीच होती. त्याचा होकार आम्ही गृहीत धरला होता. त्या संध्याकाळी त्याने टाळ्या वाजवल्या, पण कंदिलाकडे पाहिले नाही. तो नकार होता. तो आम्हांला वाचता आला नाही, कारण आम्ही फार प्रेमात होतो. बोलता न येणाऱ्या घोड्याला आणि बोलता येणाऱ्या भावाला आपण एकाच रीतीने गप्प करू शकतो, हे मला फार उशिरा कळले.

बोर्डीला दोन फेऱ्या झाल्या. वडिलांनी तिसरीचे पैसे पुढे केले. घोडेवाल्याने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, कानांकडे पाहिले आणि म्हणाला, "आज पुरे, साहेब. उद्या या." मुलाला खाली उतरवले. खोगीर निघताच तो म्हातारा घोडा गुडघे मोडून वाळूत बसला आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळला. मुलगा खदखदून हसला. मग घोडेवाल्याने पाण्याची बादली आणली. वडील ती घ्यायला पुढे झाले, तोच मुलगा काहीतरी म्हणाला. मला शब्द कळले नाहीत, पण वडिलांना कळले. त्यांनी त्याला मांडीवर घेतले आणि बादलीची कडी त्याच्या हातांत दिली. हात थरथरत होते. अर्धे पाणी वाळूत सांडले. उरलेले घोड्याने सावकाश, शेवटपर्यंत प्यायले, आणि तोवर मुलाने कडी सोडली नाही.

या दिवाळीत तुमच्या घरीही आकाशकंदील चढेल. दोरी ओढण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. खुर्चीत कुणी बसले असेल. त्याला हवी आहे का, ते विचारा. आणि हवी असेल, तर कंदील वर जायला कितीही वेळ लागला तरी थांबा.