खुराड्यातला नाग

श्रावणात नागपंचमीला मानोऱ्यासारख्या गावात ज्या नागाला हात जोडले जातात, तोच आठ दिवसांनी खुराड्यात शिरला की काठी शोधली जाते. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण भक्ती आणि भीती एकाच घरात नांदतात. मात्र भीतीतून मारण्याचा अधिकार निघत नाही. साप वैर धरून येत नाही. त्याला अंडी, पिल्ले आणि सांडलेल्या दाण्यावर जमणारे उंदीर ओढून आणतात. दोष असलाच तर आपल्या व्यवस्थेचा. पाव इंची जाळी, बुजवलेल्या फटी, दिवस मावळायच्या आत उचललेली अंडी एवढ्याने बराचसा धोका टळतो.

कोंबडी शेवटी आपणच कापणार, मग ही कसली अहिंसा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण एक हिंसा सुटत नाही म्हणून टाळता येणारी दुसरी माफ होत नाही. गरिबाच्या नुकसानीचा आक्षेप याहून जड, कारण अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हातचे असतात. म्हणूनच जाळी आधी, दया मागाहून. तरीही साप आत दिसलाच तर हात न घालता सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग मारणे गुन्हा आहे.